ओसमनचे म्हातारे की मार्लोच्या तिघी?

कोझी, म्हणजे रक्तपात फारसा न दाखवणाऱ्या उबदार, हलक्याफुलक्या रहस्यकथा वाचायच्या असं मनात आलं की हल्ली दोन नावं हमखास पुढे येतात: रिचर्ड ओसमनची 'द थर्सडे मर्डर क्लब' (2020) आणि रॉबर्ट थोरोगूडची 'द मार्लो मर्डर क्लब' (2021). वरवर पाहता दोन्ही एकाच साच्यातल्या. इंग्लंडमधलं निवांत ठिकाण, वय झालेली पण डोकं तल्लख असलेली माणसं, आणि नावातही तोच 'मर्डर क्लब'. त्यामुळे एक वाचली की दुसरी सोडली तरी चालेल, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. खुनी कोण हे कळेपर्यंत खाली ठेववत नाही ती थोरोगूडची कादंबरी. खुनी कोण हे माहीत असूनही पुन्हा उघडावीशी वाटते ती ओसमनची. तुम्हाला यातलं काय हवंय, त्यावर निवड ठरते.

ओसमनचे चौघे केंटमधल्या कूपर्स चेस या निवृत्तांच्या वसाहतीत राहतात आणि दर गुरुवारी जमून पोलिसांना न सुटलेली जुनी प्रकरणं चाळतात. हेरखात्यात आयुष्य काढलेली एलिझाबेथ, कामगार पुढारी रॉन, मानसोपचारतज्ज्ञ इब्राहिम आणि माजी नर्स जॉयस. यातली जॉयस म्हणजे मालिकेचा खरा जीव. मधली मधली प्रकरणं तिच्या डायरीतली आहेत. खुनाबद्दल लिहितालिहिता बाई केकवर घसरते, तिथून शेजारणीवर, आणि आपण हसत असताना महत्त्वाचं काहीतरी सहज सांगून जाते. तिला भोळी समजणारे पुस्तकातही फसतात आणि पुस्तकाबाहेरही.

पण माझ्या लेखी मालिकेतला सगळ्यात सुंदर धागा खुनाचा नाहीच. एलिझाबेथचा नवरा स्टीफन याची स्मृती हळूहळू चालली आहे आणि ती हे जगापासून लपवते आहे. बोगदान नावाचा पोलिश बांधकाम कामगार त्याच्याशी बुद्धिबळ खेळायला येतो. रोजच्या साध्या गोष्टी निसटत चाललेल्या स्टीफनचा हात पटावर मात्र बरोबर सोंगटीवर पडतो. या दोघांचे प्रसंग ओसमन अगदी कमी शब्दांत लिहितो आणि तिथे विनोद करायचा मोह टाळतो. विनोदी लेखकाला हे सोपं नसतं.

आता उणी बाजू. कोडं म्हणून पाहिलं तर ओसमन ढिसाळ आहे. पहिल्याच कादंबरीत तो इतके धागे सोडतो की शेवटी गाठी मारताना त्याची दमछाक होते. कुठे अडलं की एलिझाबेथचा कुणीतरी जुना ओळखीचा निघतो आणि हवी ती माहिती आणून देतो. वाचकाने स्वतः डोकं चालवून खुनी ओळखावा, अशी त्यात फारशी सोयच नाही. शिवाय त्याचे बरेच विनोद ब्रिटिश टीव्ही आणि तिथल्या दुकानांच्या नावांवर बेतलेले आहेत. ते डोक्यावरून गेले तर बिघडत नाही, पण जातील. मालिका क्रमानेच वाचा. चौथी, 'द लास्ट डेव्हिल टू डाय' (2023), सगळ्यांत सरस आहे, पण आधीच्या तिन्ही वाचल्याशिवाय तिचा घाव बसत नाही. 'वी सॉल्व्ह मर्डर्स' (2024) ही त्याची वेगळी मालिका. तिच्यात देशोदेशी पळापळ भरपूर आहे, माणसं मात्र मनात रुतत नाहीत.

थोरोगूड हा 'डेथ इन पॅरडाइज' या टीव्ही मालिकेचा जनक, आणि ते पानोपानी कळतं. प्रसंग छोटे, प्रत्येकाच्या शेवटी पुढे खेचणारं काहीतरी. त्याची नायिका जुडिथ पॉट्स थेम्सकाठच्या मार्लो गावात राहणारी, 77 वर्षांची, शब्दकोडी रचणारी, रात्री थेम्समध्ये बिनकपड्यांची पोहणारी. अशीच पोहत असताना शेजारच्या घरातून तिला गोळीचा आवाज येतो आणि पोलिसांना काही ते पटत नाही. मग कुत्री फिरवून आणणारी सूझी आणि पाद्र्याची टापटीप बायको बेक्स तिला येऊन मिळतात. दुसऱ्या भागात, 'डेथ कम्स टू मार्लो'मध्ये (2023), लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव बंद खोलीत जड कपाटाखाली चिरडलेला सापडतो. बंद खोलीचा हा जुना डाव त्याने झकास खेळलाय. उत्तर कळल्यावर मागची पानं उलटून बघितली, तर पुरावा खरंच डोळ्यांसमोर ठेवलेला असतो.

माणसं मात्र पातळ आहेत. बेक्स हळूहळू बदलते, तेवढी एक लक्षात राहते. सूझी म्हणजे मोठा आवाज, बस्स. संवाद पुढची माहिती देण्यापुरते येतात, आणि त्यातलं एकही वाक्य कुणाला वाचून दाखवावंसं मला वाटलं नाही.

या दोघांपलीकडे जायचं असेल तर जेसी क्यू. सुटांटोची 'व्हेरा वाँग्ज अनसॉलिसिटेड ॲडव्हाइस फॉर मर्डरर्स' (2023) घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या साठीच्या व्हेराला आपल्या चहाच्या दुकानात प्रेत सापडतं. पोलीस यायच्या आत ती मार्करने प्रेताभोवती रेघ मारून ठेवते, वर मृताच्या हातातला पेन ड्राइव्हही लांबवते. मग संशयितांना एकेक करून गाठते आणि पोटभर खाऊ घालते. रहस्य यथातथाच, खुनी मला बराच आधी कळला होता. तरी मन खट्टू असताना उघडायची तर हीच.

निव्वळ कोड्याची भूक असेल तर वर सांगितलेलं सगळं सोडून जॅनिस हॅलेटची 'द अपील' (2021) वाचा. अख्खी कादंबरी ईमेल आणि मेसेजमधून उलगडते. हौशी नाटकमंडळी, आजारी मुलीच्या उपचारांसाठी निधी आणि एक खून. कोण कुणाला लिहितंय यापेक्षा कुणाचं एकही पत्र दिसत नाही, इकडे लक्ष ठेवा. कोझीची ऊब तिच्यात नाही, माणसं क्षुद्र आहेत आणि लबाडही. नावं इतकी की सुरुवातीपासून कागदावर टिपत गेलात तरच निभाव लागेल.