सोमनाथच्या गेस्ट हाउसच्या नावाखाली आमचे 27,398 रुपये गेले

सासूबाईंना सोमनाथला न्यायचं होतं. त्यांना जिने चढवत नाहीत, म्हणून देवळाजवळ तळमजल्यावर दोन खोल्या हव्या होत्या. गूगलवर सोमनाथ मंदिराच्या ट्रस्टचं गेस्ट हाउस शोधलं, सगळ्यात वर आलेल्या साइटवरचा नंबर लावला. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. (वरती बारीक अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं, ते आधी बघा.)

खोल्यांचे फोटो आले, मंदिराचं चित्र छापलेली पावती आली. आधी 7,400 भरले. मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ 9,999. मग म्हणे सिस्टीमला पैसे दिसत नाहीत, तेवढेच पुन्हा टाका, आधीचे आपोआप परत येतील. टाकले.

पहिल्याच वेळी, पिन टाकायच्या आधी, स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं होतं. ट्रस्टचं नाही, कुणा एका माणसाचं. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा. “अकाउंटंटचं खातं आहे, ताई.” आणि मी गप्प बसले! तिथेच फोन ठेवला असता तर एक रुपया गेला नसता, हे रात्रंदिवस सलतंय. मी काही अडाणी नाही, घरचे सगळे व्यवहार मीच बघते. पण तो “शेवटच्या दोनच खोल्या उरल्यात” म्हणत होता आणि शेजारी सासूबाई “मिळाली का गं खोली?” असं सारखं विचारत होत्या.

असं झालं तर 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लगेच लावा, पहिला तास फार महत्त्वाचा. मी आधी बँकेत धावले, तिथेच वेळ गेला. “पिन तुम्हीच टाकलात ना?” एवढंच उत्तर. पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, गुजरातचं प्रकरण आहे, तिकडे जा. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो! तसं म्हटलं तर “कायदा आम्हाला शिकवू नका.” गृह मंत्रालयाच्या सायबर केंद्राने एप्रिल 2025 मध्येच यात्रेकरूंच्या खोट्या बुकिंगबद्दल इशारा दिला होता, त्यात सोमनाथचं गेस्ट हाउससुद्धा होतं. मग ठाण्यातल्या माणसाला हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखं का वाटतं? शेवटी सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार मीच भरली, व्यवहारांचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक) शोधून.

ट्रस्टची खरी साइट सोमनाथ डॉट ऑर्ग. पत्ता स्वतः टाइप करा. ‘परत मिळतील’ म्हणून कुणी आणखी पैसे मागितले की तिथेच थांबा.

तो नंबर अजून चालू आहे. काल त्यावर मंदिराचा नवा फोटो लागलाय.