तारकर्लीत नुसता स्कूबा डाइव्ह की पूर्ण कोर्स?

जळगाव-धुळ्याकडची मंडळी मालवण-तारकर्लीला गेली की विचारतात, तापीत पोहतो आम्ही, स्कूबाचं (हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली उतरण्याचं) सर्टिफिकेट कशाला? प्रशिक्षक धरून नेणार असेल आणि एकदाचीच हौस असेल, तर खरंच नको.

जोडीदारासोबत स्वतः उतरायचं असेल तर मात्र ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला सर्टिफिकेट कोर्स) कराच. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं सिलिंडरमधून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. आणि विहिरीत सूर मारणाऱ्याची सवय नेमकी श्वास रोखायचीच! कोर्समध्ये ती मोडतात, मास्कमधलं पाणी काढायला शिकवतात. या सर्टिफिकेटवर खोलीची मर्यादा १८ मीटर.

सर्टिफिकेटचं कार्ड जुनं असेल, तर आधी उजळणी करा.