खुराड्याचं आपोआप लागणारं दार: एक पावसाळा, एक हिवाळा वापरून

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला रानाला लागून घर असलं, की कोंबड्या पाळणाऱ्याला संध्याकाळ स्वतःची राहत नाही. लग्न बेळगावात असो की काम खानापुरात, दिवेलागणीला खुराड्याचं दार लावायला घरातलं कुणीतरी हवंच. रानमांजर, उदमांजर, कोल्हा, झालंच तर गावातली मोकाट कुत्री, सगळी टपलेलीच असतात. म्हणून गेल्या मे महिन्यात, मिरगाच्या आधी, हे दार ऑनलाइन मागवून घेतलं. किंमत साडेपाच हजारांच्या आतबाहेर. आमच्याकडे गावठी आणि थोड्या गिरिराजा जातीच्या मिळून वीसेक कोंबड्या आहेत.

वस्तू साधी आहे. वर-खाली सरकणारा अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन बाजूंना चॅनेल, वर मोटरची डबी, तिच्यात चार पेन्सिल सेल. डबीवर उजेड ओळखणारा सेन्सर असतो, शिवाय घड्याळ लावायचीही सोय असते. माहितीपत्रक इंग्रजी आणि चिनी भाषेत, त्यामुळे कन्नड की मराठी हा आपला नेहमीचा वाद तिथं उद्भवत नाही. दोरीनं ओढलं जाणारं दार याहून स्वस्त मिळतं, पण ते नुसतं स्वतःच्या वजनावर बंद राहतं. खालून पंजा घालून रानमांजर ते उचलू शकतं. दात्यांच्या पट्टीवर चालणारं दार मोटर फिरल्याशिवाय हलत नाही. पैसे थोडे जास्त गेले तरी तेच घ्या.

बसवायला अर्धा दिवस लागला. आमचं खुराडं चिऱ्याचं आहे, वर कौलं. चिऱ्याची भिंत कधी सपाट नसते आणि चॅनेल जरा जरी तिरके बसले तरी पत्रा अडकतो. म्हणून सुताराकडून आधी सागवानी चौकट करून घेतली, ओळंबा लावून ती भिंतीत बसवली आणि दार त्या चौकटीवर मारलं. चिऱ्यात थेट स्क्रू मारायच्या भानगडीत पडू नका.

दार खाली येताना कोंबडी मध्ये सापडली तर काय, हा घरातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न होता. उंबऱ्यावर एक वांगं ठेवून बघितलं. पत्रा वांग्यावर टेकला, थांबला आणि परत वर गेला. वांग्यावर वळसुद्धा उठला नाही. पण हीच गोष्ट पुढं डोकेदुखी झाली. खुराड्यात आम्ही भाताचा तूस पसरतो. कोंबड्या उकरून उकरून तो दारापर्यंत आणतात आणि खालच्या खाचेत चिमूटभर तूस साठला तरी यंत्राला वाटतं, काहीतरी अडकलंय. लागलेलं दार पुन्हा उघडतं आणि तसंच राहतं. उपाय सोपा निघाला. खालची खाच काढून टाकली आणि तुसाच्या थरापेक्षा चार बोटं उंच लाकडी उंबरा ठोकला. तेव्हापासून दार एकदाही मागं फिरलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. विकणारे ज्या सेन्सरचं कौतुक करतात, तो आपल्या भागात बंद ठेवा. जुलैत आमच्याकडं आभाळ भरून आलं की दुपारी चारलाच तिन्हीसांज होते. दार लागायचं आणि निम्म्या कोंबड्या बाहेर भिजत उभ्या. उलट एखाद्या रात्री ओसरीवरचा बल्ब जळत राहिला की दार लागायचंच नाही. सेन्सरच्या काचेवर कोळ्यानं जाळं केलं तर आणखी वेगळा तमाशा.

मुळात ही यंत्रं थंड मुलखातल्या लोकांसाठी केलेली. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच. तिथं रोज घड्याळ बदलत कोण बसणार? सेन्सर हवाच. बेळगावात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. वर्षभरात फरक जेमतेम तासाभराचा. महिन्या-दीड महिन्यानं घड्याळ पंधरा मिनिटं मागंपुढं केलं की काम भागतं. मी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाची वेळ लावतो, कारण आमच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, शेवटपर्यंत उकिरडा सोडत नाहीत. सकाळी मात्र मुद्दाम उशिरा, आठला उघडतो. बऱ्याच कोंबड्या तोवर अंडी घालून मोकळ्या होतात, मग परड्यात केळीखाली अंडी शोधत फिरावं लागत नाही. या एका सोयीसाठी मी दाराला पैकीच्या पैकी गुण देईन.

सेलबद्दल सांगायचं तर चार्जिंगचे सेल घालू नका. साधा सेल दीड व्होल्टचा, चार्जिंगचा एक पूर्णांक दोनचा. चार मिळून एक पूर्णांक दोन व्होल्टची तूट पडते आणि बॅटरी संपल्याचा लाल दिवा पहिल्या दिवसापासून लुकलुकतो. चांगले अल्कलाइन सेल घातले तर सहा महिने सहज जातात. पावसाळ्यात सेलच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढतो, तिथं थोडं व्हॅसलीन लावावं. सेल बदलले की घड्याळ शून्यावर जातं, ते पुन्हा लावायलाच हवं. वीज गेल्यानं काही अडत नाही, ही आमच्याकडं मोठीच गोष्ट.

जे हे दार करू शकत नाही तेही ऐका. आमची आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "दार आपोआप लागंल रे, पण कोंबड्या मोजणार कोण?" बरोबर बोलली. गावठी कोंबडीला संधी मिळाली तर ती फणसावर चढून बसते आणि दार आपलं वेळेवर लागतं. नवीन पक्षी आणले की आठवडाभर खुराड्यातच कोंडून ठेवा, म्हणजे तिथं परतायची सवय लागते. तरी घरी असलो की टॉर्च मारून आम्ही मोजतोच. दुसरं म्हणजे मुंगूस. ते दिवसा येतं, दार उघडं असताना. पिल्लं असतील तर त्यांना जाळीच हवी. सापळे लावून मारायचा सल्ला देणारे भेटतील, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे, त्या वाटेला जाऊ नका.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचायची असली की आदल्या रात्रीच दाराचं आपोआप उघडणं बंद करून ठेवतो, म्हणजे पहाटे सगळ्या आत सापडतात.

घरात संध्याकाळी कायम कुणीतरी असतं आणि कोंबड्या चार-पाचच आहेत, अशांनी हा खर्च करू नये, पाच रुपयांची कडी पुरते. माझ्यासारखे नोकरीवरून साडेसातला घरी पोचणारे असतील तर घ्यावं. दिवाळीत आम्ही दोन रात्री कोल्हापूरला पाहुण्यांकडं राहून आलो. शेजारच्या काकूंना फक्त पाणी आणि दाणे बघायला सांगितलं होतं.