आमारोने घ्यावी की रिपासो?

दोन्ही इटलीतल्या व्हेरोनाजवळच्या व्हाल्पोलिचेल्ला टेकड्यांवरच्या रेड वाइन. द्राक्षंही तीच: मुख्यतः कोर्विना, सोबत कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला. दुकानात शेजारी शेजारी उभ्या असतात आणि रिपासोची किंमत बऱ्याचदा आमारोनेच्या निम्म्याहूनही कमी असते. त्यामुळे 'घ्यायचीच तर थोरलीच घेऊ' असं वाटणं साहजिक आहे. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

आमारोनेचा मान मोठा आहे, यात वाद नाही. शरदात खुडलेले घड लगेच चेचायचे नाहीत, हवेशीर माळ्यावर पसरून ठेवायचे. आपल्याकडे तासगावच्या बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर घड टाकतात तसाच हा देखावा. फक्त तिथे उन्हाळा आणि घाई, इथे हिवाळा आणि शंभरेक दिवसांची वाट. हवा दमट झाली की बुरशीची धास्ती. पूर्वी यासाठी वापरायचे त्या बोरूच्या चटयांवर एरवी रेशमाचे किडे पाळत. घडांचं वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटतं, साखर दाटते. आंबताना ती साखर मध्येच राहू दिली तर रेचोतो, म्हणजे या भागाची जुनी गोड वाइन. जवळजवळ सगळी संपू दिली तर आमारोने. रेचोतोचा वारसा जुना, पण आमारोने स्वतःच्या नावाने बाजारात स्थिरावली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. 2010 मध्ये तिला इटलीचा सर्वोच्च दर्जा, डीओसीजी, मिळाला.

रिपासोचा जन्म त्या आमारोनेच्याच चोथ्यावर. वाइन काढून घेतल्यावर उरलेल्या ओल्या सालींवर त्याच वर्षाची व्हाल्पोलिचेल्ला नावाची साधी वाइन ओततात. चोथ्यात थोडी साखर आणि यीस्ट शिल्लक असतं, त्यामुळे ती पुन्हा आंबू लागते. रंग, तुरटपणा आणि थोडं अल्कोहोल उचलते. रीत जुनीच, पण मासी या वाइन घराण्याने 1964 च्या काम्पोफियोरिन या वाइनपासून तिला नव्याने प्रतिष्ठा दिली. 'चोथ्यावरची' म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मुरडू द्यावं.

माझा निर्णय ठरला तो दुसऱ्या ग्लासवर. आमारोनेत नियमाने किमान 14 टक्के अल्कोहोल लागतं, लेबलवर मात्र 15-16 सर्रास दिसतं. पहिला ग्लास लाजवाब असतो: सुकी चेरी, कोको, शेवटी किंचित कडवटपणा. दुसऱ्यापर्यंत माझी जीभ थकते. घरात पिणारे आम्ही दोघं. अर्धी बाटली उरते आणि पुढचे दोन दिवस 'एवढी महागाची आहे, संपवायला हवी' म्हणून पिणं होतं. बरं, जेवणही तिच्या कलाने घ्यावं लागतं. व्हेरोनात तिच्यासोबत तासन्‌तास शिजवलेलं घोड्याचं मांस, नाहीतर मुरलेलं मोंते व्हेरोनेझे चीज खातात. रोज कोण करणार? झणझणीत मटणाबरोबर तर मी ती उघडणारच नाही, एवढ्या अल्कोहोलने तिखट आणखी पेटतं.

रिपासो साधारण साडेतेरा-चौदाच्या घरात. सुक्या फळांची तीच चव, थोडी पातळ म्हणा हवं तर, पण आंबटपणा शाबूत असल्यामुळे पुढचा घास मागणारी. जेवण संपतं तेव्हा बाटलीही संपलेली असते. एक खोट मात्र आहे: काही रिपासो जॅमसारख्या गोडसर निघतात आणि लेबलवरून ते कळत नाही. माझ्या अनुभवात ज्यांची स्वतःची आमारोने चांगली, त्यांचीच रिपासो घेतलेली बरी; चोथाही त्यांच्याच घरचा असतो.

आठ-दहा माणसं जेवायला असतील, किंवा मुलीच्या जन्मसालाची बाटली तिच्या लग्नापर्यंत ठेवायची असेल, तर आमारोनेच घ्या, तिथे रिपासो पुरी पडणार नाही. शनिवारी रात्री दोघांसाठी घेत असाल तर मी रिपासोकडे हात नेईन, आणि उघडण्याआधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवीन.