वर्षभराच्या देणगीचं ठरवताना: एकरकमी की दरमहा, कामाला बांधलेली की मोकळी?

नव्या वर्षात सामाजिक संस्थांसाठी किती पैसे बाजूला काढायचे, एवढं ठरलं की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. पण तीच रक्कम कधी, कोणाला आणि कोणत्या अटीवर दिली, यावर तिचा उपयोग फार बदलतो. वर्षाला २४,००० रुपये देऊ शकणारं एक नोकरदार घर डोळ्यांसमोर ठेवून इथे पर्याय शेजारी शेजारी मांडले आहेत. तुमची रक्कम ६,००० असो की लाखभर, विचार करायची रीत तीच.

हा विचार आत्ताच करायला हवा, कारण संस्थांकडे पैसे येण्याच्या वाटा अरुंद होत चालल्या आहेत. २०२० साली एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला. परदेशी निधी मिळवणाऱ्या मोठ्या संस्थेला तो पुढे गावपातळीवरच्या छोट्या संस्थेकडे देता येईनासा झाला आणि त्या निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं परदेशी मदत रोखली, तेव्हा तृतीयपंथीयांवर उपचार करणारी ‘मित्र’ क्लिनिक हैदराबादबरोबर कल्याण आणि पुण्यातही बंद झाली. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी आहे, पण तो बहुधा ठरावीक प्रकल्पासाठी आणि ठरावीक मुदतीपुरता मिळतो. अशा वेळी गावातल्या, शहरातल्या साध्या देणगीदारावरचा भार वाढतो.

मार्चमध्ये २४,००० की दरमहा २,०००?

एकरकमी देण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक आपापले धनादेश पाठवतात. पुण्यात पितृपक्षात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरतं, तिथे कार्यकर्त्यांशी समोरासमोर बोलता येतं. एकरकमी पैशातून वर्गखोली उभी राहते, बोअर मारता येते, गाडी घेता येते. संस्थेची गरजच अशी एकदाची असेल, किंवा तुमचा पैसाच शेतमाल विकल्यावर अथवा बोनसच्या वेळी हाती येत असेल, तर एकरकमीच द्यावं.

मार्चअखेरची देणगी मात्र संस्थेला वाटते तितकी सोयीची नसते. करसवलत टिकवायची तर धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्याच आर्थिक वर्षात कामावर खर्च करावा लागतो. राहिलेला पुढे न्यायचा तर त्याचा हेतू नोंदवून वेगळा फॉर्म भरावा लागतो. २८ मार्चला आलेली मोठी रक्कम तीन दिवसांत खर्चणार कुठे? आणि जूनमध्ये शाळा उघडतात, वह्या, गणवेश, प्रवासभाडं सगळं एकदम अंगावर येतं, तेव्हा गणपतीतले आणि दिवाळीतले देणगीदार अजून लांब असतात.

मार्चची सवय आपल्याला लागली ती ८०जीमुळे, म्हणजे देणगीवर करसवलत देणाऱ्या प्राप्तिकराच्या कलमामुळे. जुन्या करपद्धतीत बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही एका मर्यादेपर्यंत. म्हणजे २४,००० दिले तर १२,००० ची वजावट, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ३,७४४ रुपये वाचतात. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, आणि २०२३-२४ पासून तुम्ही वेगळं कळवलं नाहीत तर नवीच पद्धत धरली जाते. तुम्ही नव्या पद्धतीत असाल, तर मार्चपर्यंत थांबण्याचं काहीच कारण उरलेलं नाही. जुन्या पद्धतीतही एप्रिलमधल्या देणगीला तेवढीच वजावट मिळते. फक्त २,००० रुपयांहून जास्त रक्कम रोखीत देऊ नका, तिला वजावट नाही.

आता दरमहाची बाजू. समजा, दहा घरांनी एका संस्थेसाठी दरमहा २,००० रुपयांचा यूपीआय ऑटोपे लावला. महिन्याला २०,००० येणार हे धरून संस्था एखाद्या तालुक्यात कार्यकर्ती नेमू शकते: तिचं मानधन, एसटीचा खर्च, फोनचा रिचार्ज. हेच २,४०,००० मार्चमध्ये एकदम आले, तर वर्षभरानंतर तिला काय सांगायचं या काळजीनं नेमणूक लांबत जाते. आरोग्य, शिक्षण, व्यसनमुक्ती, हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बाईला सोबत ही सगळी कामं माणसांच्या बळावर चालतात, आणि माणसाला दर महिन्याला पगार लागतो. म्हणून माझा कौल दरमहाला आहे, निदान आजच्या काळात तरी.

दरमहाची अडचणही आहे. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर हप्ता जड होतो. तसं झालं तर थांबवा, त्यात कमीपणा नाही. मात्र ऑटोपे गुपचूप बंद करण्याऐवजी दोन महिने आधी संस्थेला फोन करून सांगा. तेवढ्या अवधीत ते दुसरी सोय बघतात.

एक पक्की शिफारस: सगळे २४,००० हप्त्यात अडकवू नका. दरमहा १,५०० म्हणजे १८,००० झाले, राहिलेले ६,००० आपत्तीसाठी ठेवा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा असे पूर येतात, तेव्हा मन हेलावतं आणि नेहमीच्या संस्थेचे पैसे तिकडे वळवले जातात. पूरग्रस्तांना द्यायलाच हवं, पण मतिमंद मुलांच्या शाळेच्या वाट्याचं नको. आपत्तीचे पैसे वेगळे असले की ही ओढाताण होत नाही. पावसाळा आणि परतीचा पाऊस नीट गेला, तर डिसेंबरमध्ये ते ६,००० नेहमीच्या संस्थेलाच द्या.

कामाला बांधलेली की मोकळी?

‘एका मुलाचं वर्षाचं शिक्षण’, ‘एका दिवसाचं जेवण’ अशी देणगी आपल्याला आवडते, कारण पैसे कुठे गेले ते दिसतं. वाढदिवसाला वसतिगृहात गोडाधोडाचं जेवण देणारे पुष्कळ मिळतात. स्वयंपाकघरात रोज राबणाऱ्या बाईचा पगार, विजेचं बिल, जागेचं भाडं, ऑडिटरची फी यांसाठी देणारे मिळत नाहीत. बांधलेली देणगी दुसरीकडे वापरता येत नाही, ते योग्यही आहे. पण सगळेच देणगीदार जेवणावर नाव घालू लागले, की खात्यात पैसे असूनही संस्था पगाराला महाग होते.

‘प्रशासकीय खर्च किती टक्के?’ हा प्रश्न जरूर विचारा, पण आकडा जितका लहान तितकी संस्था चांगली, असं समजू नका. हिशेब चोख ठेवणारा माणूस, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण, कार्यकर्त्यांचा विमा हे सगळं याच खर्चात येतं. तिथे काटकसर केली तर त्याचा त्रास शेवटी मुलांना आणि कार्यकर्त्यांनाच होतो.

तिसरा प्रकार कॉर्पसचा, म्हणजे कायम निधीचा. तुम्ही तसं लेखी कळवलं की संस्था मुद्दल गुंतवते आणि व्याज वापरते. जुन्या, स्थिरावलेल्या संस्थेला आई-वडिलांच्या नावानं असा निधी देणं चांगलंच. परंतु २४,००० च्या मुदतठेवीचं व्याज महिन्याला शे-दीडशे रुपयांच्या घरात असतं. संस्थेची यंदाची अडचण त्यातून सुटत नाही.

म्हणून ओळख नसेल तर पहिलं वर्ष कामाला बांधलेली देणगी द्या. काम पाहिलंत, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक पाहिलात, लेखापरीक्षण अहवाल मागितल्यावर तो विनासायास मिळाला, देणगीचं प्रमाणपत्र वेळेवर आलं, की दुसऱ्या वर्षापासून ‘तुम्हाला गरज असेल तिथे वापरा’ असं लिहून द्या. अडचणीच्या वर्षात संस्थेला याहून उपयोगी वाक्य नाही.

ठरावीक रक्कम की उत्पन्नाचा टक्का?

१२ लाखांच्या उत्पन्नावर २ टक्के म्हणजे २४,०००. टक्क्यात ठरवलं की पगारवाढीबरोबर देणगी आपोआप वाढते, आणि तंगीच्या वर्षात मनाला टोचणी न लागता कमी होते. पण आपल्याला तंगी येते तेव्हा संस्थेच्या दारात रांग वाढलेली असते. करोनाच्या वर्षात हेच झालं. त्यामुळे टक्का धरा, पण त्याखाली एक किमान रक्कम पक्की करा, जिला काही झालं तरी हात लावायचा नाही. व्यवसाय किंवा शेती असेल तर हाच मार्ग सोयीचा.

संस्था किती, हाही प्रश्न येतो. बारा संस्थांना दोन-दोन हजार दिले की यादी छान दिसते, पण एकीचंही काम धड कळत नाही. एक किंवा दोन, शक्यतो जाता-येता भेटता येईल अशा निवडा, आणि तीन वर्षं देणार असं त्यांना सांगा. हेमलकसा, आनंदवन यांसारखी नावं आपल्याला माहीत असतात. आपल्याच तालुक्यातलं पाळणाघर किंवा अभ्यासिका चालवणाऱ्यांचं नाव मात्र विचारून शोधावं लागतं, आणि तिथे तुमच्या २४,००० चं वजनही जास्त असतं.

पैशांऐवजी वेळ?

हिशेब, मराठी टायपिंग, दवाखान्यात सोबत, मुलांना गणित शिकवणं यांतलं काही येत असेल तर आठवड्याचे दोन तास ठरवून द्या. जमेल तसं येईन, असं सांगणाऱ्याच्या भरवशावर वर्ग लावता येत नाही. जुने कपडे आणि खेळणी आधी विचारल्याशिवाय पाठवू नका. ती निवडण्यात कार्यकर्त्यांचे दिवस जातात, आणि वस्तूंच्या देणगीला ८०जीची वजावटही नाही.

परदेशात असाल तर

इथे पारपत्राचा रंग महत्त्वाचा. तुमचं भारतीय नागरिकत्व कायम असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी मानली जात नाही आणि कुठल्याही नोंदणीकृत संस्थेला देता येते. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी देणगीच ठरते. ती एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि त्यांच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच द्यावी लागते. चुकून साध्या खात्यात पैसे गेले तर निस्तरावं संस्थेला लागतं, तेव्हा पाठवण्याआधी आपलं नागरिकत्व कळवून खाते क्रमांक मागून घ्या.