माहेर शोधताना: नोंदवही की बापाचं मृत्युपत्र?

वसाहतकाळातल्या अमेरिकन बाईचं माहेर शोधायला दोन वाटा. जन्म-लग्नाची नोंदवही तारीख देते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतली धर्मोपदेशिका ॲन हचिन्सन, तिचा बाप्तिस्मा इंग्लंडातल्या आल्फर्ड गावी १५९१ साली झाला, हे तिथूनच कळतं. पण न्यू इंग्लंडात (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इंग्रजी वसाहतींत) लग्नानंतर माहेरचं आडनाव बहुधा गायबच. (त्यात १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे फेब्रुवारीच्या तारखेत वर्षाचा घोळ ठरलेला.)

मला मृत्युपत्र जास्त भरवशाचं वाटतं. विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय ते सहसा करता येत नसे, म्हणून तिचं नव्हे, बापाचं काढा. 'माझी मुलगी अमुक, तमुकची बायको' एवढ्या ओळीत सासर-माहेर जुळतं. न्यू ॲमस्टरडॅमच्या (आजच्या न्यूयॉर्कच्या) डच बायका मात्र चर्चच्या नोंदीत माहेरचंच नाव लावत. तिथे नोंदवहीच बरी.