टू-व्हील ड्राइव्ह सिल्व्हराडोला मागे ट्रूट्रॅक बसवला, मिशिगनच्या हिवाळ्यातला रिव्ह्यू

ट्रूट्रॅक म्हणजे मागच्या डिफरेन्शियलचा (डिफ, इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा गठ्ठा) एक प्रकार, जो पकड असलेल्या चाकाला जास्त जोर देतो. आधीच सांगतो, ज्यांच्याकडे फोर-व्हील ड्राइव्ह घ्यायचे पैसे आहेत त्यांनी सरळ तीच घ्यावी, हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी नाहीच. हा आहे ज्यांच्या दारात जुना टू-व्हील ड्राइव्ह पिकप उभा आहे, इंजिन ठणठणीत आहे, बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने फ्रेम अजून खाल्लेली नाही, आणि फक्त बर्फ पडला की गाडी एकदम बिनकामाची होते त्यांच्यासाठी.

माझी गाडी २००८ ची शेव्ही सिल्व्हराडो १५००, एक्स्टेंडेड कॅब, ५.३ लिटरचं व्ही८, चार स्पीडचं ऑटोमॅटिक. मागे ८.६ इंची अ‍ॅक्सल, ज्याला इकडे टेन-बोल्ट म्हणतात, कारण कव्हरला दहा बोल्ट. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक स्टिकर असतं कोडांनी भरलेलं, ते आधी वाचा. त्यात जी८० असेल तर तुमच्याकडे कंपनीचं लॉकिंग डिफ आहे, नसेल तर ओपन, म्हणजे साधं, लॉक न होणारं. माझ्यात जीयू६ होता, म्हणजे मागच्या गिअरचं गुणोत्तर ३.४२, आणि जी८० चा पत्ता नाही. वर ह्या गाडीत स्टॅबिलिट्रॅकही नाही, म्हणजे चाक घसरलं तर ब्रेक लावून सावरणारं इलेक्ट्रॉनिक्सही नाही, जे काही करायचं ते यांत्रिकच.

ओपन डिफचा प्रॉब्लेम लोक चुकीचा सांगतात. "सगळी पॉवर घसरणाऱ्या चाकाला जाते" वगैरे. फिरतं ते चाक खरं, पण टॉर्क (फिरवणारा जोर) दोन्ही चाकांना सारखाच मिळतो, गोची तिथेच आहे. दोघा भावांत वाटणी सारखी, पण किती वाटायचं ते जो कमी खातो त्याच्यावर ठरतं. एक चाक बर्फावर असेल तर त्याला जेवढा टॉर्क झेपतो तेवढाच कोरड्या डांबरावरच्या चाकाला मिळतो, आणि तेवढ्यात दोन टनांच्या वरची गाडी हलत नाही. त्यात पिकपचं वजन पुढे, मागचा हौदा रिकामा. आमच्या ड्राइव्हवेला थोडा चढ आहे आणि नगरपालिकेचा प्लाऊ रस्ता साफ करताना सगळा बर्फ ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून जातो, मग तो गोठतो. डावं चाक त्या ढिगावर आलं की संपलं, शेजारच्या मिनीव्हॅन खुशाल निघून जातात आणि आपण व्ही८ घेऊन बसलोय.

पर्याय बरेच पाहिले. सगळ्यात स्वस्त म्हणजे भंगारवाल्याकडून जुना जी८० काढून आणणं. जी८० म्हणजे ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉकर, १९७३ पासून जीएमच्या पिकपमध्ये येतंय. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आतला गव्हर्नर क्लच दाबून डिफ लॉक करतो, आणि ताशी २० मैलांच्या वर तो लॉक होतच नाही. आपल्याकडच्या थारमध्ये मागे जे मेकॅनिकल लॉकिंग डिफ येतं ते ईटनचंच, ह्याच जातीचं, त्यामुळे गावाकडच्या ऑफरोडवाल्यांना हा "चाक गरगरलं आणि मग खट्ट" प्रकार माहीत असेल. चिखलात छान आहे. पण बर्फावर मला तो खट्ट नको होता, कारण लॉक होण्याआधी चाक आधी फिरावं लागतं आणि फिरलं की खालचा बर्फ पॉलिश होऊन काच होते. शिवाय जुन्या जी८० ला इकडे "गव्ह-बॉम्ब" म्हणतात. नाव उगाच पडलेलं नाही, जोरात रेस देऊन लॉक करणाऱ्यांनी फोडलेली डिफ बघितली की कळतं.

डेट्रॉइट लॉकर पूर्ण लॉक देतो, पण वळणावर खडखड करतो आणि ओल्या किंवा निसरड्या रस्त्यावर एकदम वागणं बदलतो, रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीत मी तरी घालणार नाही. एआरबी कंपनीचा हवेच्या दाबावर चालणारा एअर लॉकर सगळ्यात भारी, हवं तेव्हा बटण दाबून लॉक, नाहीतर ओपन. पण कंप्रेसर, एअर लाइन, वायरिंग सगळं धरलं की हिशेब जवळपास दुप्पट होतो, आणि मला दगडांवर चढायचं नाहीये.

म्हणून ट्रूट्रॅक. हाही ईटनचाच. ह्याच्यात क्लच नाही, स्प्रिंग नाही, इलेक्ट्रिक काही नाही, नुसते तिरके दातांचे हेलिकल गिअर. टॉर्क आला की ते गिअर केसच्या भिंतीवर दाबले जातात, आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला जास्त टॉर्क जातो, साधारण अडीच ते साडेतीन पट. चाक घसरायची वाट बघत नाही, आधीपासूनच काम करतो, आणि झिजायला क्लच प्लेटाच नाहीत.

आता दुकानाबद्दल, कारण खरं सांगायचं तर पार्ट कुणीही विकतो, बसवणारा महत्त्वाचा. पहिल्या ज्या गॅरेजमध्ये विचारलं तिथे माणूस म्हणाला जुने शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) जसेच्या तसे घालू, दुपारी गाडी घेऊन जा. मी थँक्यू म्हणून निघालो. नवीन कॅरिअर (डिफचा सांगाडा) घातला की क्राऊनची, म्हणजे त्यावरच्या मोठ्या दातेरी चक्राची, जागा थोडी का होईना बदलते, बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) पुन्हा सेट करावाच लागतो, ह्या अ‍ॅक्सलला ०.००६ ते ०.०१० इंच, आणि तो डायल इंडिकेटर लावूनच मोजता येतो, हाताने हलवून अंदाजाने नाही. दुसरं दुकान फक्त डिफ आणि गिअरबॉक्सचं काम करतं, बाहेर बोर्ड धड दिसत नाही, आत म्हातारा मालक आणि एक पोरगा. म्हाताऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "टो करतोस का, किती?" मग विचारलं टायर कुठले आहेत. तिथेच मला माणूस आवडला.

त्याने क्राऊन-पिनियन (पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारं छोटं चक्र) जुनीच ठेवली, ती जोडी एकत्र झिजलेली असते म्हणून चांगली असेल तर मोडू नये. पिनियन काढलीच नाही, त्यामुळे पिनियन डेप्थचा प्रश्न आला नाही. कॅरिअर बेअरिंग नवीन, क्राऊनचे बोल्ट नवीन. (हे बोल्ट उलट्या आट्याचे असतात बरं का, घरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जोर लावून लावून डोकं तुटतं आणि मग शिव्या.) हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) बाहेर काढल्यावर त्याने मला बोलावून नख फिरवून दाखवलं. ह्या अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंग थेट शाफ्टवरच फिरतं, वेगळी आतली रिंग नसते, त्यामुळे शाफ्टला खाच पडली असेल तर नुसतं सील बदलून काही होत नाही, गळतंच. माझे शाफ्ट ठीक निघाले, सील आणि बेअरिंग बदलले. शेवटी दातांना पिवळा रंग लावून फिरवून पॅटर्न (दात एकमेकांना कुठे टेकतात त्याचा ठसा) दाखवला, दाताच्या मधोमध छान उमटलेला. हा पॅटर्न बघितल्याशिवाय कव्हर लावू देऊ नका, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल.

दुकानाबद्दल तक्रार म्हणजे गाडी सांगितलेल्या दिवशी मिळाली नाही आणि स्वतःहून फोनही नाही, मलाच करावा लागला. आणि बिलात "शॉप सप्लाइज" नावाची एक रक्कम, ती काय असते ते इकडे कुणीच सांगत नाही. सगळं मिळून १५०० डॉलरच्या आसपास गेले, त्यात निम्म्याच्या जवळपास डिफ आणि बाकी मजुरी, बेअरिंग, ऑईल. म्हातारा म्हणाला उघडलंच आहे तर ३.७३ चं गिअर टाकून घे, टो करताना बरं पडेल. मी नाही म्हटलं. त्याने हायवेवर इंजिन ९ टक्के जास्त फिरणार, पेट्रोल आधीच पाण्यासारखं पितेय, वर स्पीडोमीटर चुकायला नको म्हणून कॉम्प्युटर पुन्हा सेट करायचा. रोज बोट नाहीतर मोठा ट्रेलर ओढणाऱ्याने मात्र तेव्हाच करून घ्यावं, मजुरी बरीचशी तीच आहे.

चालवायला कसं वाटतं? कोरड्या रस्त्यावर काहीच वाटत नाही, आणि हीच त्याची सगळ्यात मोठी तारीफ. पार्किंगमध्ये फुल वळण घेताना टायर ओरडत नाहीत, खडखड नाही, घुं घुं नाही, बायकोला सांगेपर्यंत कळलंही नव्हतं की काही बदललंय (बिल दिसल्यावर कळलं). बर्फात फरक पहिल्याच दिवशी. ड्राइव्हवेच्या तोंडाचा ढीग आता गाडी थोडी अंग हलवून पार करते. सिग्नलला एक चाक कडेच्या गोठलेल्या पट्टीवर असलं तरी हळूच निघते. जानेवारीत मॅकिनॉ पूल ओलांडून मिशिगनच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलात गेलो, एम-२८ हायवेवर सेनीच्या त्या सरळसोट, संपता संपत नाही अशा रस्त्याला वारा सुटलेला, बर्फ आडवा उडतोय, तिथे गाडी सरळ राहिली. उन्हाळ्यात बोट रॅम्पच्या शेवाळावर पण उपयोग झाला आणि सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीचं मखर ट्रेलरवर घालून पावसाने भिजलेल्या गवतावरून काढलं तेव्हा तर सगळ्यात जास्त. आधीच्या वर्षी तिथे सहा जण ढकलायला लागले होते आणि एकाचा कुर्ता चिखलाने माखला होता.

आता जे कुणी विकताना सांगत नाही ते. एक चाक हवेत असेल किंवा पूर्ण ओल्या काचेसारख्या बर्फावर असेल तर ट्रूट्रॅक जवळपास ओपन डिफसारखाच वागतो, कारण शून्याच्या तिप्पट शून्यच. अशा वेळी हलका ब्रेक दाबून हळू रेस द्यायची, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला अडवायला काहीतरी मिळतं आणि दुसरीकडे टॉर्क जातो. ह्या ट्रकांमध्ये पार्किंग ब्रेक पायाचा असतो आणि फक्त मागच्या चाकांना लागतो, तो एक-दोन क्लिक दाबला तर आणखी सोपं. पूर्ण लॉक हवा असेल, खड्डे-दगडांत चाक उचललं जात असेल, तर हे तुमच्यासाठी नाही, एआरबीकडे जा. दुसरं, आता दोन्ही मागची चाकं ढकलतात म्हणजे घसरली तर दोन्ही एकदम घसरतात, आणि रस्त्याला कडेकडे उतार असेल तर मागचा भाग त्या बाजूला सरकतो. पाय हलका ठेवा. आणि थांबायला ह्याचा शून्य उपयोग, ब्रेकचं अंतर काही कमी होत नाही.

म्हणून टायर आधी. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले विंटर टायर नसतील तर १५०० डॉलर डिफमध्ये घालू नका, आधी टायर घ्या, कदाचित तेवढ्यात भागेलही. मी ब्लिझॅक (विंटर टायरच) लावतो, हौद्यात अ‍ॅक्सलच्या वर वाळूच्या गोण्या बांधून ठेवतो, बांधून, नाहीतर ब्रेक मारला की त्या कॅबच्या काचेकडे येतात. भंगारातला जी८० किंवा एक सीझनचा नवा टायर सेट ह्यापैकी काय, असं विचाराल तर टायरच.

ऑईलचं तेवढं बघा. ट्रूट्रॅकला साधं मिनरल गिअर ऑईल, ८०डब्ल्यू-९० जीएल-५, सांगितलंय, सिंथेटिक नको आणि लिमिटेड स्लिपवाला फ्रिक्शन मॉडिफायर (क्लचवाल्या डिफमध्ये घर्षण कमी करायला घालतात ते) तर नकोच, कारण त्याचं कामच घर्षणावर चालतं. पण इथले ऑईल बदलणारे पोरगे "लिमिटेड स्लिप" ऐकलं की सवयीने त्या मॉडिफायरची बाटली उघडतात. मी डिफच्या कव्हरवर पेंट मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, आणि तरीही प्रत्येक वेळी खाली उभा राहून बघतो.